आमच्याकडे हरिभाऊ आले होते

आमच्या घरातली मोठी माणसं एका गोष्टीवर ठाम होती : हरिभाऊ आपटे आमच्याकडे आले होते. कुठे आले होते, यावर मात्र त्यांचं कधी एकमत झालं नाही. काका म्हणायचे, बुधवारातल्या लायब्ररीत. आजी म्हणायची, छे, अप्पा बळवंत चौकात, आनंदाश्रमाच्या दारात. आणि पणजीचं म्हणणं, जे आजीच्या तोंडून आमच्यापर्यंत पोचलं, ते तर असं होतं की हरिभाऊ थेट वाड्याच्या माजघरात आले होते. तेही सोवळ्यात.

तीनही गोष्टी मी लहानपणी इतक्या वेळा ऐकल्या की हरिभाऊ हे आमच्या नात्यातलेच कुणीतरी असावेत, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. हरि नारायण आपटे हे पूर्ण नाव शाळेच्या पुस्तकात भेटलं तेव्हा थोडा रागच आला. घरातलं माणूस परस्पर धड्यात जाऊन बसलं होतं.

काकांची गोष्ट त्यांच्या आजोबांकडून, म्हणजे माझ्या पणजोबांकडून आलेली. पणजोबा नोकरीवरून परतताना रोज बुधवारात वर्तमानपत्रं वाचायला थांबत. एके संध्याकाळी समोरच्या बाकावर हरिभाऊ. पुढे काय झालं? काहीच नाही. हरिभाऊंनी वर्तमानपत्र वाचलं, त्याची घडी जशी होती तशी घातली, जागेवर ठेवलं आणि ते निघून गेले. गोष्ट संपली. काका ती सांगायचे तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी 'सकाळ' विस्कटून टाकलेला असायचाच. प्रत्येक वेळी हरिभाऊंच्या पगडीचा रंग निराळा असे, घडी मात्र दर वेळी नीट.

काका सांगत ती लायब्ररी म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर. १८४८ साली ती 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झाली आणि ती उभी करण्यात लोकहितवादींचा, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांचा पुढाकार होता. हे साल पुण्याच्या इतिहासात फार गजबजलेलं आहे. त्याच वर्षी लोकहितवादींची शतपत्रं 'प्रभाकर'मध्ये यायला लागली आणि त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. वाचायची जागा आणि वाचायला शिकवायची जागा एकाच पेठेत, एकाच वर्षी उघडली. पण शाळेतल्या पोरीने लायब्ररीची पायरी चढावी एवढं अंतर तुटायला पुढच्या दोन-तीन पिढ्या तरी जाव्या लागल्या. आमच्या घरात किती लागल्या ते पुढे येईलच.

१८४८ मध्ये त्या लायब्ररीत मराठी कादंबरी मागितली असती तर मिळाली नसती, कारण ती नव्हतीच. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं १८५७ साली. ते विधवांच्या हालांवर आहे आणि त्यातल्या नायिकेचं नाव यमुना. मग हळबे यांची 'मुक्तामाला', गुंजीकरांचं 'मोचनगड'. १८७८ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी हिराबागेत ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरवलं, तेव्हा हरिभाऊ चौदा वर्षांचे होते. त्यांचा जन्म खानदेशातल्या पारोळ्याचा, ८ मार्च १८६४ चा. विद्यार्थिदशेतच त्यांनी आगरकरांच्या 'विकारविलसित'वर, म्हणजे 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर, सविस्तर टीका लिहून मोठ्यांचं लक्ष वेधून घेतलं. १८८५ मध्ये त्यांची 'मधली स्थिती' 'पुणे वैभव'मधून क्रमशः येऊ लागली. त्या काळात इंग्रजी शिकलेली पोरं रेनॉल्ड्सच्या लंडनच्या रहस्यकथांवर तुटून पडत. हरिभाऊंच्या त्या पहिल्या कादंबरीवरही रेनॉल्ड्सची सावली आहे. पण माणसं पुण्याची, बोलणं पुण्याचं आणि भानगडीही पुण्याच्याच. पणजोबा म्हणत, शेजारच्या वाड्यातलं ओळखीचं कोणी सापडतंय का, हे बघायलाच निम्मे लोक ती वाचत.

आजीची गोष्ट काकांच्या गोष्टीपेक्षा पक्की, कारण ती तिने स्वतः पाहिलेली. आजीचा जन्म १९०८ चा. लग्न होईपर्यंत ती हुजूरपागेत जात होती. ही शाळा १८८४ साली निघालेली, म्हणजे आजीच्या पिढीला ती आयती मिळाली. आजीच्या माहेराहून शाळेची वाट अप्पा बळवंत चौकातून जायची. हे अप्पा बळवंत म्हणजे पेशवाईतले मेहेंदळे, ज्यांचे वडील पानिपतच्या मोहिमेत पडले. आज तो चौक शालेय पुस्तकं, गाइडं आणि जुनी पुस्तकं विकणाऱ्यांचा. जूनमध्ये तिथून चालत जाणं म्हणजे दप्तरांतून वाट काढणं. या गर्दीला लागूनच आनंदाश्रम आहे, हे रोज तिथून जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हरिभाऊंचे काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. त्यांनी १८८८ साली ही संस्था काढली : संस्कृत हस्तलिखितं जमवायची, ती जपायची आणि शुद्ध करून छापायची. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीचे ग्रंथ पुढे देशभरच्या पंडितांच्या घरी गेले. या सगळ्याचा कारभार काकांनी पुतण्यावर सोपवला आणि हरिभाऊंनी तो शेवटपर्यंत सांभाळला. म्हणजे पुण्याचा सर्वांत लाडका कादंबरीकार ग्रंथालयाला भेट द्यायला येणारच नव्हता. एका ग्रंथसंग्रहाचा रोजचा कारभार तोच पाहत होता. भेट द्यायला यायचं ते वाचकांनी.

आजी आणि तिची मैत्रीण तशाच गेल्या. आत नाही, समोर. शाळा सुटल्यावर चौकाच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि 'यमूला लिहिणारा' दिसतो का ते बघू लागल्या. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. घरात तिने हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतल्या यमूची गोष्ट ऐकलेली होती आणि तिला या माणसाला एक जाब विचारायचा होता : यमूचं शेवटी चांगलं का नाही केलंत? काही वेळाने हरिभाऊ बाहेर आले. बरोबर दोन-तीन माणसं, हातात कागद, काहीतरी तक्रार चाललेली. हरिभाऊ पुणे नगरपालिकेचे काही वर्षं अध्यक्ष होते, त्यामुळे पाणी, गटार आणि दिवाबत्ती यांचं गाऱ्हाणं घेऊन माणसं त्यांना कुठेही गाठत असणार. आजीची फार निराशा झाली. सगळ्या बायकांना रडवणारा माणूस रस्त्यात उभा राहून शांतपणे कुणाचा तरी अर्ज वाचत होता. जाब राहून गेला. ३ मार्च १९१९ ला हरिभाऊ गेले. पंचावन्न पुरी व्हायला पाच दिवस कमी होते.

मोठेपणी मी आनंदाश्रमाच्या प्रकाशनांची यादी चाळली तेव्हा आजीची ही गोष्ट मला निराळी दिसायला लागली. १९०५ साली या संस्थेने 'स्मृतीनां समुच्चयः' हा ग्रंथ छापला. अनेक स्मृती एका जागी. याज्ञवल्क्यस्मृती अपरार्काच्या टीकेसह निघाली, तीही इथूनच. पुण्यात विधवेच्या केसांवरून, मुलीच्या लग्नाच्या वयावरून जे वाद झडत, त्यात दोन्ही बाजू आधार शोधायला ज्या ग्रंथांकडे धावत, त्या जातीचेच हे ग्रंथ. ते नीट, पाठभेदांसकट छापले जातील हे पाहणारा माणूस तोच, ज्याने यमूच्या तोंडून तिच्या केशवपनाची हकीकत मराठीत सांगितली. हरिभाऊंना यात विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. शास्त्रात काय लिहिलंय ते शुद्ध मिळालं पाहिजे आणि घरात काय घडतंय तेही शुद्ध मिळालं पाहिजे. दोन्ही कागदावर आल्याशिवाय वादाला तोंड तरी कसं फुटणार?

आता पणजीची गोष्ट.

पणजी १८९० साली नऊ वर्षांची होऊन आमच्या वाड्यात नांदायला आली. ते वर्षही १८४८ सारखंच गजबजलेलं. ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले यांच्यासह बऱ्याच प्रतिष्ठितांपुढे चहा ठेवला गेला आणि त्यावरून पुण्यात प्रायश्चित्तांचं ग्रामण्य माजलं. पंडिता रमाबाईंनी आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आणलं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असा ठराव त्यांनी केला. पुढच्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तो दहाचा बारा करण्यासाठी, आणि त्यावरून गावात दोन तट पडले. नेमक्या याच १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि १८९३ पर्यंत त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येत राहिली. कादंबरी चालू होती आणि तिच्यातला विषय खिडकीबाहेर रस्त्यावर भांडत होता. १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा पुण्यातल्या किती घरांत यमूची आठवण निघाली असेल.

आमच्या वाड्यात 'करमणूक'चा एकच अंक यायचा आणि तो सगळ्या बिऱ्हाडांत फिरायचा. आमच्याकडे तो वाचायचं काम पणजोबांचं. ते तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, इंग्रजी शाळेत जाणारे. दुपारची जेवणं उरकली, पुरुष झोपले की ते माजघराच्या उंबऱ्याशी बसत आणि मोठ्याने वाचत. आत बायका : कुणी तांदूळ निवडतेय, कुणी वाती वळतेय. नऊ वर्षांची पणजी खांबाआड. नवऱ्याचा आवाज तिने पहिल्यांदा नीट ऐकला तो यमूच्या तोंडचा. कादंबरी यमूच 'मी' म्हणून सांगते. मिसरूड फुटलेला मुलगा 'मी' म्हणून बाईचं दुःख वाचतोय आणि त्याची बालवधू ते ऐकतेय. या प्रसंगाची पणजीला म्हातारपणीही गंमत वाटे.

आणि सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, पणजोबांच्या थोरल्या बहीण बसत. घरात त्यांना सोवळ्या आत्या म्हणत. अकराव्या वर्षी त्यांचा नवरा गेला, चौदाव्या वर्षी केस गेले आणि अंगावर आलवण आलं. कादंबरी चालू होती तेव्हा त्या विशीच्या असतील. त्यांचं सोवळं इतकं कडक की त्यांच्या वाटेत पाण्याचा थेंब दिसला तरी लोक बाजूला होत. त्या ऐकतायत की नाही हे कुणाला कळत नसे. मान खाली, हात कामात.

एका आठवड्यात पणजोबांनी अंक वाचला नाही. बायकांनी विचारलं तर म्हणाले, अजून आला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढचा अंक त्यांनी वाचायला घेतला. दोन-चार ओळी झाल्या आणि आत्या म्हणाल्या, "मधला कुठाय?"

त्या काही बोलल्या याचंच सगळ्यांना नवल वाटलं. पणजोबा म्हणाले, हरवला. आत्या म्हणाल्या, "हरवला नाही. तू ठेवलायस. आण." त्यांनी आणला. तो अंक यमूचं केशवपन होतं तो होता. पणजोबांनी तो कसाबसा वाचला. मध्ये त्यांचा आवाज दोनदा बसला, असं पणजी सांगे. आत्यांचा हात मात्र तांदळात होता तसाच चालू राहिला. वाचून झाल्यावर कुणीच बोललं नाही. मग आत्यांनीच विचारलं, "ह्याला कुणी सांगितलं?"

पणजीची 'हरिभाऊ माजघरात आले होते' ती गोष्ट ही. तिच्या मते त्या दुपारी ते उंबऱ्यापर्यंत नव्हे, पार सोवळ्याच्या दारापर्यंत आले. आमच्या घरातला कुठलाही पुरुष तिथवर कधी पोचला नव्हता.

आत्यांचा प्रश्न मात्र पुढे घरात वर्षानुवर्षं चघळला गेला. कुणी म्हणे, त्यांच्याच घरातल्या बाईने सांगितलं. कुणी म्हणे, ही कादंबरी मुळात एका बाईनेच लिहिलीय, नाव फक्त यांचं. हरिभाऊंचा काशीबाई आणि गोविंदराव कानिटकरांशी स्नेह होता, वाङ्मयावरून पत्रव्यवहार होता, आणि काशीबाई स्वतः कादंबरीकार होत्या. घरच्यांच्या नापसंतीला तोंड देत अक्षरओळख करून घेतलेल्या, आनंदीबाई जोशांचं चरित्र लिहिणाऱ्या. अशी वाचक समोर असली की लेखकाला बायकांच्या बोलण्यात खोटं लिहिणं जड जातं. पण मला वाटतं, खरं कारण याहून साधं आहे. पुण्याच्या प्रत्येक मोठ्या घरात एक सोवळी बाई होती. तिच्याकडे बघायचं नाही अशी रीत होती म्हणून ती कुणाला दिसत नव्हती. हरिभाऊ बघत होते. १८९६–९७ च्या दुष्काळातही त्यांनी असंच बघितलं आणि 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट लिहिली. तिचा इंग्रजी अवतार 'रामजी' या नावाने लंडनमध्ये छापला गेला. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं ते ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेमुळेही असेल. 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' तर पोरासोरांच्याही तोंडी होत्या. आमच्या घरातले पुरुष सगळे उषःकालवाले. बायकांना विचाराल तर यमू.

सोवळ्या आत्यांचं बाहेरून काही बदललं नाही. आलवण तेच, सोवळं तेच, एकभुक्त राहणं तेच. कादंबरीमुळे त्यांच्या आयुष्यात क्रांती झाली असं कुणी म्हणेल तर त्यात तथ्य नाही. एवढंच झालं की त्यांनी पणजीकडून अक्षरं लावायला घेतली. पणजीला पणजोबांनी शिकवलं, पणजीने आत्यांना. दुपारी, सगळे झोपल्यावर, जुन्या 'करमणूक'च्या अंकांवर.

मग १९२४ साल आलं. आजी लग्न होऊन वाड्यात आली त्याला तीन वर्षं झाली होती. तिची धाकटी नणंद, पणजीची मुलगी, सोळा वर्षांची असताना तिचा नवरा विषमज्वराने गेला. दहाव्याच्या आतच तिला माहेरी आणलं होतं. सासरचे एक वडीलधारे गृहस्थ आले आणि त्यांनी परस्पर न्हाव्याला निरोप दिला. पणजोबा तेव्हा कर्ते होते, सुधारक विचारांचे म्हणून ओळखले जात. पण पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ज्याने सोळाव्या वर्षी तो अंक लपवला होता, तो माणूस पन्नाशीला आल्यावरही खाली मान घालून बसला होता.

न्हावी नेहमीप्रमाणे परसदारी आला. तिथे सोवळ्या आत्या उभ्या होत्या. बावन्न वर्षांच्या, आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर. त्या म्हणाल्या, "इथे काही काम नाही. जा."

पाहुणे धावत आले. रागावले, मग समजावू लागले, मग शास्त्र सांगू लागले. आत्या दारातून हलल्या नाहीत. आणि त्यांना हलवणार कोण? त्या सोवळ्यात होत्या. हात लावायची सोय नव्हती. ज्या सोवळ्याने त्यांना चाळीस वर्षं माणसांपासून दूर ठेवलं होतं, त्यातच त्या दार अडवून उभ्या राहिल्या. न्हाव्यालाही ते काम नकोच असणार. तो धोपटी उचलून निघून गेला. पाहुणे त्या दिवशी न जेवता गेले, आणि आमच्या घराशी त्या घराचा संबंध पुढे राहिला नाही.

ही हकीकत सांगताना काका नेहमी शेवटी म्हणायचे, "बघा, कादंबरीची ताकद!" आजीला ते मुळीच पटत नसे. ती म्हणायची, "न्हावी हरिभाऊंनी परत पाठवला नाही. आत्याबाईंनी पाठवला. हरिभाऊंनी त्यांना एवढंच कळवलं होतं, की तुमच्यावर जे झालं ते लिहून ठेवण्याजोगं आहे." वाङ्मयाच्या सामाजिक परिणामांवर मी पुढे पुष्कळ जाड पुस्तकं वाचली. त्यांतलं एकही आजीच्या या दोन वाक्यांच्या पुढे फारसं गेलेलं मला आढळलं नाही.

ती नणंद सेवासदनात शिकली, शिक्षिका झाली आणि स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावाने वाचनालयाची वर्गणी भरणारी आमच्या वाड्यातली पहिली बाई ठरली. आजी तिच्याच कार्डावर पुस्तकं मागवी. तोवर हरिभाऊंचा जमाना सरला होता आणि दोघींचं त्या कार्डावरून शेवटपर्यंत भांडण राहिलं. एका वेळी पुस्तक एकच मिळे, नणंदेला ना. सी. फडके हवे असत आणि आजीला वि. स. खांडेकर.